श्रीलंकेची दीपगृहं बघायला निघताय? सुरुवात अशी करा

आपल्याकडून श्रीलंकेला जाणाऱ्या बहुतेक सहलींचा मार्ग ठरलेला असतो. कँडी, नुवारा एलिया, तिथली अशोकवाटिका, सिगिरिया आणि परतताना गॉल. गॉलच्या किल्ल्यात नारळाच्या झाडांमधून डोकावणाऱ्या पांढऱ्या दीपगृहापुढे सगळे फोटो काढतात आणि तासाभरात गाडी निघते. त्या दीपगृहाजवळ अंधार पडेपर्यंत थांबावं आणि त्याची किनाऱ्यावरची भावंडंही गाठावीत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. यासाठी जहाजांची माहिती असावी लागत नाही. एक नकाशा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, साधी दुर्बीण आणि संध्याकाळचा मोकळा वेळ एवढं पुरतं.

आधी नकाशा समोर घ्या

हॉटेल शोधण्याआधी श्रीलंकेचा नकाशा उघडा आणि तो जहाजावरच्या माणसाच्या नजरेने बघा. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र रामसेतूपाशी इतका उथळ आहे की मोठी जहाजं तिथून जाऊच शकत नाहीत. मुंबईहून कोलकात्याला निघालेलं जहाज असो की सुएझकडून सिंगापूरला जाणारं, त्याला श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालावाच लागतो. त्या वळणावर बेटाचं सगळ्यात दक्षिणेचं टोक आहे देविनुवर. इंग्रजांनी त्याला डोंड्रा हेड म्हटलं आणि नकाशांवर तेच नाव टिकलं.

वळसा घालून जहाज पूर्वेकडे सरकलं की किनाऱ्यापासून बरंच आत, बहुतांशी पाण्याखाली दडलेल्या खडकांच्या दोन रांगा लागतात. त्या ग्रेट बेसिस आणि लिटल बेसिस. सिंहली लोक त्यांना महा रावण कोटुव आणि कुडा रावण कोटुव म्हणतात, म्हणजे रावणाचे थोरला आणि धाकटा कोट. पश्चिमेला कोलंबो आणि नैर्ऋत्येला गॉल ही दोन जुनी बंदरं.

एवढ्या जागांवर पेन्सिलीने खुणा करा. मग प्रत्येक मनोऱ्यापुढे उभं राहिल्यावर एकच प्रश्न विचारायचा: कुठून येणाऱ्या जहाजाला हा काय सांगतोय? कोलंबो आणि गॉलचे दिवे बंदर दाखवतात, देविनुवरचा वळण दाखवतो आणि बेसिसचे दोन दिवे लांब राहा म्हणून बजावतात. या एका प्रश्नातून त्या मनोऱ्याची उंची, जागा, बांधणीचं साल, सगळ्याचा उलगडा होत जातो. तो विचारला नाही, तर सगळी दीपगृहं सारखीच पांढरी दिसतात.

कधी जावं, कुठे राहावं

दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यासाठी डिसेंबर ते मार्च हे महिने चांगले. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, समुद्र खवळतो आणि पावसात दिवा दिसला तरी धूसर दिसतो. सुरुवातीचा मुक्काम गॉललाच करा. कोलंबो फोर्ट स्टेशनहून गॉलमार्गे मातरला जाणारी रेल्वे कित्येक ठिकाणी अगदी लाटांच्या कडेने धावते. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, तेव्हा जागा त्या बाजूची धरा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून ते सरकारी संकेतस्थळावरच तपासा. पौर्णिमेला श्रीलंकेत सार्वजनिक सुट्टी असते. कचेऱ्या बंद राहतात, गाड्यांना गर्दी होते, हे तारखा ठरवतानाच लक्षात घ्या.

परवानगीचं आधीच सांगतो. चालू स्थितीतली मोठी दीपगृहं श्रीलंका बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहेत आणि सर्वसाधारणपणे आत सोडत नाहीत. वर चढायचं असेल तर प्राधिकरणाकडे आधी रीतसर अर्ज करा. दारावरच्या माणसाच्या हातात नोट कोंबून चढू नका. तिथे त्याची नोकरी पणाला लागते. दीपगृह बाहेरूनच पुरेसं बघता येतं, कारण ते मुळात लांबून बघण्यासाठीच बांधलेलं आहे. ड्रोनसाठी वेगळी परवानगी लागते आणि नौदलाच्या परिसराजवळ कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारलेलं बरं.

रिक्षावाल्याला ‘लाइटहाउस’ कळतं. ‘प्रदीपागारय’ म्हणालात तर तो हसून बोलायला लागतो.

कोलंबो: घड्याळाच्या डोक्यावरचा दिवा

विमानतळावरून थेट गॉलला पळू नका, अर्धा दिवस कोलंबोच्या फोर्ट भागाला द्या. चॅटम स्ट्रीटच्या चौकात, गाड्यांच्या गर्दीत एक चौकोनी मनोरा उभा आहे. चारी बाजूंना घड्याळ आणि वर काचेची खोली. हा मुळात घड्याळाचा मनोरा म्हणूनच 1857 मध्ये बांधला गेला. त्याचा आराखडा तेव्हाचे गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यांच्या पत्नी एमिली एलिझाबेथ वॉर्ड यांनी केला होता. आत बसवलेलं घड्याळ 1814 मध्येच विकत घेतलेलं होतं, पण पैशाच्या ओढाताणीत ते इतकी वर्षं गोदामात पडून राहिलं. पुढे 1867 मध्ये मनोऱ्याच्या डोक्यावर जहाजांसाठी दिवा बसवला. एकच इमारत शहराला वेळ आणि समुद्राला वाट दाखवू लागली. अशी जोडी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

रॉकेल, मग गॅस, मग वीज असं करत हा दिवा 1952 पर्यंत जळला. तोवर भोवती उंच इमारती उठल्या होत्या आणि समुद्रावरून तो दिसेनासा झाला होता. चौकात उभं राहून चारी दिशांना मान वळवा. आज कुठूनच समुद्र दिसत नाही, आणि दिवा का विझवावा लागला ते लगेच समजतं. त्याच्या बदल्यात 1952 मध्ये किनाऱ्यालगत गॉल बक भागात नवं दीपगृह बांधलं. 29 मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याच्या जोत्यावर चार सिंह बसलेले आहेत. जुन्यापासून नव्यापर्यंत पायीच जा. शहर समुद्राकडे किती सरकलंय, ते चालताना कळतं. आता तर शेजारीच पोर्ट सिटीसाठी समुद्रात भर घालून नवी जमीन तयार केलेली आहे.

वाटेत बेरुवल

कोलंबोहून गॉलकडे जाताना बेरुवलला उतरता येतं. किनाऱ्यासमोरच्या छोट्या बेटावर बार्बेरिन दीपगृह आहे, 34 मीटर उंचीचा निमुळता दगडी मनोरा. बेटावर जायला होडी लागते आणि ती समुद्राच्या मर्जीवर असते. वेळ कमी असेल तर किनाऱ्यावरूनच बघून पुढची गाडी पकडा.

गॉल: दिवा मोजायला इथे शिका

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी 1588 मध्ये सुरू केला, 1640 मध्ये डचांनी तो घेऊन दगडी तटबंदीने भक्कम केला आणि 1796 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. डचांच्या काळात फ्लॅग रॉक नावाच्या बुरुजावरून येणाऱ्या जहाजांना धोक्याच्या खुणा केल्या जात. दीपगृह बघण्याआधी त्या बुरुजावर जा आणि ओहोटीच्या वेळी खाली वाकून पाहा. लाटा कुठे फुटतात ते बघितलं की इथे माणूस निशाण घेऊन का उभा राहत असे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

1840च्या दशकात वाफेची जहाजं आली आणि गॉलचं महत्त्व एकदम वाढलं. सुएझकडून टपाल घेऊन कोलकात्याला जाणाऱ्या आगबोटी इथे कोळसा भरायला थांबत, मुंबईहून चीनकडे जाणाऱ्याही थांबत. त्या रहदारीसाठी 1848 मध्ये इथे बिडाच्या पत्र्यांचं दीपगृह उभं राहिलं. सगळे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेले होते, इथे फक्त जोडले. देशातली सगळ्यात जुनी दीपगृहाची जागा ती हीच. कोलंबोची लाटारोधक भिंत 1885 मध्ये पुरी झाल्यावर मोठी जहाजं तिकडे वळली आणि गॉल मागे पडलं. बिडाचा मनोरा मात्र 1930च्या दशकात आगीत नष्ट होईपर्यंत उभा होता. आज दिसणारं 26.5 मीटर उंचीचं काँक्रीटचं दीपगृह 1939 चं आहे, मूळ जागेपासून साधारण 100 मीटरवर, उट्रेक्ट बुरुजावर. समोरची पांढरी इमारत लांबून चर्चसारखी वाटते, पण ती मीरान मशीद आहे.

आता मुख्य काम. श्रीलंकेची वेळ आणि आपली वेळ एकच. सूर्य बाराही महिने सहा-साडेसहाच्या सुमाराला मावळतो. गर्दी सूर्यास्त बघून पांगते, तेव्हा तुम्ही थांबा. तटावर अशी जागा धरा जिथून मनोऱ्याची समुद्राकडची बाजू दिसेल. बऱ्याच दीपगृहांत जमिनीकडचा प्रकाश झाकलेला असतो, म्हणून अगदी पायथ्याशी उभं राहून उपयोग नाही.

प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची लय वेगळी असते आणि ती खलाशाच्या नकाशावर छापलेली असते. रात्री मनोऱ्याचा आकार दिसत नाही, रंग दिसत नाही. दिसते ती फक्त लय, आणि आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत ते त्या लयीवरून ठरतं. गॉलचा दिवा 15 सेकंदांत दोनदा चमकतो. लागोपाठ दोन झोत, मग लांबलचक काळोख. मोजायची पद्धत अशी: जोडीतला पहिला झोत दिसला की सेकंदकाटा बघा, मग पुढच्या प्रत्येक जोडीचा फक्त पहिला झोत मोजा. दहा आवर्तनं होऊ द्या आणि एकूण सेकंदांना दहाने भागा. एकाच आवर्तनावर वेळ काढली तर अर्ध्या-एक सेकंदाची चूक हमखास होते, दहांवर ती विरून जाते. मुलं बरोबर असतील तर एकाला झोत मोजायला लावा, दुसऱ्याकडे घड्याळ द्या. मीही नव्या माणसाला दीपगृहाची गोडी लावायची असेल तर हेच करायला लावतो. आकडा जुळल्यावर चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो फोटो काढून झाल्यावर कधी दिसत नाही.

देविनुवर: देवळाची जागा दिव्याने घेतली

मातर स्टेशनहून बसने किंवा रिक्षाने देविनुवर सहा-सात किलोमीटरवर आहे. इथलं दीपगृह श्रीलंकेतलं सर्वांत उंच, 49 मीटर, पांढरं आणि अष्टकोनी. काम 1887 मध्ये सुरू झालं आणि मार्च 1890 मध्ये दिवा लागला. आराखडा सर जेम्स डग्लस यांचा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं प्रसिद्ध एडिस्टोन दीपगृह त्यांनीच 1882 मध्ये नव्याने बांधून पुरं केलं होतं.

दीपगृहाकडे जाण्याआधी गावातल्या विष्णूच्या देवळात जा. आजचं देऊळ साधं आहे, पण मध्ययुगात इथे दक्षिण आशियातल्या मोठ्या तीर्थक्षेत्रांपैकी एक होतं. 1344 मध्ये प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. चीनचा आरमारप्रमुख झेंग ह याने आणलेला एक शिलालेख गॉलमध्ये 1911 साली सापडला. त्यात चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांमध्ये देणग्यांची नोंद आहे, आणि तमिळ भागात इथल्याच देवाचा गौरव आहे. तो शिलालेख आता कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जमलं तर तिथे नक्की बघा. 1588 मध्ये पोर्तुगीजांनी हे देऊळ उद्ध्वस्त केलं. समुद्रावरून ते एखाद्या शहरासारखं दिसे, असं पोर्तुगीज वर्णनांत आहे. ते वाचल्यावर मला इथलं दीपगृह निराळं दिसायला लागलं. वळण कुठे आहे हे खलाशांना दाखवणारी खूण या टोकावर शतकानुशतकं होती. ती मोडल्यावर पुढची तीनशे वर्षं जागा रिकामी राहिली आणि मग तिथे दिवा आला.

इथे एक हिशेब करून बघा. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 3.6 ने गुणा. क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. 49 चं वर्गमूळ 7, म्हणजे वरून साधारण 25 किलोमीटर. समोरून येणाऱ्या जहाजावरचा माणूसही उंचावर असतो, त्याचा हिशेब वेगळा करून मिळवायचा. मासेमारीच्या होडीत तो पाण्यापासून जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे आणखी पाच किलोमीटर. मोठ्या मालवाहू जहाजाच्या माथ्यावर तो मनोऱ्याइतकाच उंच असू शकतो, तेव्हा दोन्ही मिळून 50 किलोमीटर. या दिव्याची ताकद 28 सागरी मैल, म्हणजे सुमारे 52 किलोमीटर सांगितली जाते. ती कोणासाठी ठेवलेली आहे, हे या आकड्यांवरून लक्षात येतं.

दिवसा दुर्बीण लावून वरच्या खोलीकडे बघा. अशा दिव्यांमध्ये काचेच्या तिरप्या कडा एकावर एक रचलेल्या असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल याने ही रचना शोधली आणि 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात ती पहिल्यांदा बसवली. चहूकडे विखुरणारा उजेड एका पट्ट्यात आणायचं काम त्या काचा करतात. रात्री इथे मोजणी सोपी आहे, दर 5 सेकंदांनी एक झोत. दुर्बिणीतून समुद्राकडे पाहिलंत तर जहाजांचे दिवे रांगेने पूर्व-पश्चिम सरकताना दिसतील. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या सागरी मार्गांपैकी एक या टोकाच्या दक्षिणेने जातो.

किरिंद: रावणाच्या कोटावरचा मनोरा

हा टप्पा लांबचा आहे, तरी चुकवू नका. तिस्समहारामपर्यंत बसने जा, तिथून किरिंद हे कोळ्यांचं गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे. किनाऱ्यावरच्या खडकावर बौद्ध विहार आहे. तिथे चढून पूर्वेच्या बाजूला बघा. हवा स्वच्छ असेल तर पाण्यातून वर आलेली एक बारीक काडी दिसते. तेच ग्रेट बेसिस, किनाऱ्यापासून साधारण 13 किलोमीटरवर. मनोरा 37 मीटरचा. मघाचा हिशेब लावला तर तो जवळपास 22 किलोमीटरवरून दिसायला हवा, म्हणजे दिसत नसेल तर दोष हवेतल्या धुक्याचा. सकाळी लवकर जा. दुपारनंतर धुरकट होतं.

त्या काडीमागचे कष्ट समजून घेतले की ती वेगळीच वाटायला लागते. खडक पाण्याच्या जेमतेम वर आहे आणि समुद्र वर्षातले थोडेच आठवडे शांत असतो. आधी इथे बिडाचा मनोरा उभारायची योजना होती. तिच्यावर पुष्कळ पैसा गेला आणि ती सोडून द्यावी लागली. मग जेम्स डग्लस यांनी ग्रॅनाइटचा मनोरा आखला आणि त्यांचे भाऊ विल्यम डग्लस प्रत्यक्ष काम करून घ्यायला श्रीलंकेत आले. दगड स्कॉटलंडमधल्या डॅलबीटीच्या खाणीतले. प्रत्येक चिरा तिथेच घडवून, शेजारच्या चिऱ्याच्या खाचेत बसतोय की नाही हे पाहून, मग जहाजात चढवला जाई. एवढं अंतर कापून आलेला चिरा खडकावर उतरवायचा तो हलत्या बोटीतून, लाट ओसरल्याची वेळ साधून. खाचेत न बसणारा चिरा घडवायला तिथे ना जागा होती ना वेळ. मार्च 1873 मध्ये दिवा लागला, आणि 1878 मध्ये लिटल बेसिसवरचाही. मुंबईला कुलाब्यासमोर समुद्रात उभं असलेलं प्रॉन्ग्ज दीपगृह 1875 चं, म्हणजे याच पिढीतलं. ते पाहिलं असेल तर खडकावर बांधणं म्हणजे काय याची कल्पना येईल.

याच खडकांपाशी 1961 मध्ये पाणबुडे माइक विल्सन यांना समुद्रतळाशी एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. लेखक आर्थर क्लार्क त्यांच्याबरोबर पुढच्या शोधकामात होते. जहाजात चांदीचे रुपये होते, थैल्यांच्या आकारात एकमेकांना चिकटून ढेकळं झालेले. त्यांवर औरंगजेबाचं नाव, सुरतेच्या टांकसाळीचा छाप आणि हिजरी 1113 हे साल, म्हणजे इसवी सन 1701-02. त्याच दिवसांत औरंगजेब स्वतः विशाळगडाला वेढा घालून बसला होता. सुरतेचा तो पैसा इथे बुडाला तेव्हा या खडकावर ना दिवा होता ना खूण. या खडकांवर मनोरा बांधायला एवढा खर्च आणि आटापिटा का केला, ते या रुपयांवरून कळतं.

खडकांपर्यंत पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या सहली जातात, पण फक्त मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, समुद्र निवळतो तेव्हा. इतर वेळी कोणी पैसे घेऊन होडी काढायला तयार झालाच, तरी जाऊ नका. आणि पाण्याखालचं काहीही उचलू नका.

पूर्व आणि उत्तर किनारा

पूर्व किनाऱ्याचा हंगाम उलटा, मे ते सप्टेंबर. तो वेगळ्या खेपेसाठी ठेवा. बट्टिकलोअचं 1913 चं दीपगृह खाडीच्या मुखाजवळ आहे आणि तिथे जाणं सोपं. त्रिंकोमालीच्या उपसागराच्या तोंडावर फाउल पॉइंट आणि राउंड आयलंड ही दोन्ही 1863 ची. फाउल पॉइंटचं यादवी युद्धात फार नुकसान झालं. मुल्लैतिवूचं दीपगृह युद्धातच गेलं, तर सांगमन कंदचं 2004 च्या त्सुनामीत. उत्तर टोकाला पॉइंट पेड्रोचं 1916 चं दीपगृह उभं आहे. या भागात स्थानिक लोकांना विचारूनच पुढे जा, आणि युद्धाबद्दल ते स्वतःहून बोलले तरच बोला.

दिवस कसे बसवावेत

पहिल्या दिवशी कोलंबोतले दोन मनोरे आणि संध्याकाळच्या गाडीने गॉल. दुसरा अख्खा दिवस गॉलला, रात्रीच्या मोजणीसह. तिसऱ्या दिवशी दुपारी देविनुवर, आधी देऊळ, मग दीपगृह, अंधार पडल्यावर मोजणी आणि मुक्काम मातरला. चौथ्या दिवशी तिस्समहाराम. पाचव्या दिवशी पहाटे किरिंद, आणि त्या दिवशी धुकं असेल तर सहावा दिवसही तिथेच. हाताशी दोनच दिवस असतील तर कोलंबो सोडा आणि गॉल-देविनुवर करा. एकच रात्र असेल तर ती देविनुवरला काढा. तिथे रात्री उशिरा बसची वाट बघावी लागते, म्हणून परतीची रिक्षा दिवसाउजेडी ठरवून ठेवा.